आदर्श पित्याचा दगड

मी दगड बोलतेय. हो, ‘बोलतेय’ असंच म्हणणार. पालिकेच्या भाषेत मी ‘स्मृतिशिळा’ आहे, आणि शिळा म्हटलं की बाईच. शिवाय इतकी वर्षं एका जागी उभं राहून जो येईल त्याचं ऐकून घेतलंय. म्हणजे मी दुसरं कोण असणार?

दिसायला मी काही खास नाही. राखाडी, अंगावर बारीक काळे ठिपके, कमरेत जरा जाड. खाणीतून निघाले तेव्हा माझ्यासोबत निघालेले काही दगड बँकेच्या पायऱ्या झाले, एक तर म्हणे हॉटेलातल्या न्हाणीघरात गेला. माझ्या नशिबी दफनभूमी आली. तक्रार नाही. न्हाणीघरापेक्षा बरी.

पालिकेच्या दफनभूमीसमोरच पाथरवटाचं दुकान होतं. तिथे मी बरेच दिवस भिंतीला टेकून उभी होते. दुकानात मजकुराचे नमुने टांगलेले असायचे. वडिलांसाठी वेगळे, आईसाठी वेगळे, मुलं नसलेल्या काका-मावशांसाठी वेगळे. माणूस मेला की घरचे यायचे आणि त्यातला एक निवडायचे, जसा पडद्याचा कपडा निवडतात.

माझ्यासाठी जो आला तो एक मुलगा होता. मुलगा म्हणजे चांगला पोट सुटलेला, घरं विकून देण्याचा धंदा करणारा गृहस्थ. एका कानाला फोन, दुसरा फोन हातात.

‘‘वडील?’’ पाथरवटाने विचारलं.

‘‘हो. चांगलं काहीतरी लिहा.’’

‘‘कसे होते स्वभावाने?’’

‘‘अं… चांगलेच. म्हणजे कडक होते. एक मिनिट हं,’’ आणि फोनवर, ‘‘साहेब, बाल्कनी पूर्वेलाच आहे, मी खोटं सांगेन का?’’

‘‘मग हे घ्या,’’ पाथरवट म्हणाला. ‘‘वडिलांना लोक हेच नेतात.’’

आणि माझ्या छाताडावर छिन्नी चालली. वर नाव, त्याखाली ‘प्रेमळ पती, आदर्श पिता, सर्वांचे लाडके’. माझ्या शेजारच्या दगडावर आदल्या दिवशी हेच कोरलं होतं. त्याच्या शेजारच्यावरही. दफनभूमीत आत गेल्यावर बघते तर काय, रांगच्या रांग आदर्श पित्यांची. सगळे लाडके, सगळे प्रेमळ. त्या अख्ख्या मैदानात एकही खडूस माणूस पुरलेला नाही. खडूस माणसं कुठे नेऊन पुरतात, मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा माणूस बस कंपनीत तिकीट तपासनीस होता. त्याच्याबद्दल मला जे कळलं ते माझ्या अंगावरच्या मजकुरातून नाही. ते कळलं त्याच्या बायकोकडून.

ती दर आठवड्याला यायची. ठेंगणी, रुंद, जन्मभर दवाखान्याच्या धुलाईघरात उभं राहून चादरी पिळलेली बाई. गुडघे त्या चादरींबरोबरच पिळून गेलेले. खाली बसली तर तिला उठता येत नसे, वाकली तर पुढे तोल जाई. म्हणून ती माझ्याजवळ यायची, पिशवी माझ्या पायाशी टाकायची, माझ्या वरच्या कडेवर दोन्ही हात टेकवायची, सगळा भार माझ्यावर सोडायची आणि मग सुरू.

‘‘हं, काय? झोपलायस? झोप. तुला काय, भाजी आणायची नाही, गॅस बुक करायचा नाही.’’

नवरा जिवंत होता तोवर ती त्याला ‘अहो’ म्हणायची, असं तिनेच एकदा सांगितलं. पुरल्यानंतर महिनाभरात ती ‘अरे’वर आली. ‘‘आता काय करणार आहेस? डोळे वटारणार आहेस?’’ असं म्हणून ती इतकी हसली की मला धरूनही हलली.

तिच्या त्या बोलण्यातून मला माणूस समजला. जेवताना ताटाकडे बघायचा, बायकोकडे नाही. बसमध्ये बिनतिकिटाचा सापडला तर स्वतःच्या मेव्हण्यालाही सोडायचा नाही. मेव्हणा पुढे घरी आला नाही, आणि त्याला ते चाललं. पण ही कामावरून यायची तेव्हा रोज बादलीत गरम पाणी तयार असायचं, पाय बुडवायला. रोज. तोंडातून शब्द नाही, फक्त बादली. माझ्यावर कोरायचंच होतं तर ती बादली कोरायची. पण पाथरवटाच्या नमुन्यांत बादली नव्हती.

असो. तर ती यायची, अर्धा-पाऊण तास त्याला झापायची, शेजारणीचं सांगायची, दुखण्याचं सांगायची, मग मला एक थाप मारून जायची. घोड्याला मारतात तशी. मला ती थाप आवडायची. दगडाला आवडण्यासारखं आयुष्यात असतंच किती?

बाकी जे दिसायचं त्याची लाजच वाटायची. दगडांवरून माणसं किती भांडू शकतात, हे दगडालाच विचारा. माझ्या समोरच्या रांगेत एका सासऱ्याचा उंच संगमरवर होता आणि त्याच्या मागे एका आत्याचा बुटका दगड. एका सकाळी आत्याकडची सून संगमरवराकडच्या सुनेला म्हणाली, ‘‘तुमच्या सासऱ्यांची सावली आमच्या आत्यांच्या फुलांवर पडते.’’

‘‘मग फुलं सरकवा ना.’’

‘‘आम्ही का सरकवायची? आत्या आधी गेल्या.’’

‘‘आधी गेल्या म्हणून काय ऊन त्यांच्या नावावर झालं?’’

दोघींनी तक्रारी केल्या. पालिकेचा माणूस येऊन सावली मोजून गेला. मी थट्टा करत नाही, खरंच मोजून गेला. दुपारी आला, त्यामुळे सावली सापडलीच नाही, आणि प्रकरण मिटलं. त्या दोघी आत असलेल्यांना जिवंतपणी पाणी तरी विचारत होत्या का, असा प्रश्न मला पडला. पण मला कोण विचारतंय?

मग ते यंत्र आलं.

गवत कापायचं नवं यंत्र. लाल, रुंद, वर बसायला खुर्ची. त्याच्या उद्‌घाटनाला फीत कापली, फोटो काढले, भाषण झालं. ज्यांच्या डोक्यावरचं गवत कापायचं होतं ते सगळे खाली शांत होते, हीच काय ती सभ्यता. भाषण संपल्यावर चालक यंत्रावर बसला, ऐटीत पहिल्या रांगेत घुसला आणि दोन दगडांच्या मध्ये अडकला. ना पुढे, ना मागे. कारण यंत्र रुंद आणि रांगांमधली वाट अरुंद. विकत घेताना कोणीही, अहो कोणीही, वाट मोजली नव्हती. ज्यांनी सावली मोजली त्यांनी वाट मोजली नव्हती!

फोटोवाल्याला घरी पाठवलं. यंत्र उलटं ओढून काढलं. आता तुम्हाला वाटेल, पालिका यंत्र परत करेल. भोळे आहात. चूक यंत्राची नाही आणि पालिकेची तर नाहीच नाही, म्हणजे उरलं कोण? आम्ही.

थोड्याच दिवसांत फाटकावर फलक लागला. ‘नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी हलणाऱ्या स्मृतिशिळा आडव्या करण्यात येतील.’ आडव्या केल्या की यंत्र वरून जाणार, सुळकन. सुरक्षिततेचा मुलामा मला फार आवडला. तोपर्यंत आमच्यापैकी कोणी कधी कोणाच्या अंगावर पडलं नव्हतं. आम्ही दगड आहोत, आम्हाला घाई नसते.

शिळा हलते की नाही हे ठरवायला एक माणूस नेमला. त्याचं काम ढकलायचं. दिवसभर रांगेने चालायचं, दगड ढकलायचा आणि हलला तर त्याला पिवळी फीत बांधायची. माळ्याने त्याला ‘ढकल्या’ नाव ठेवलं आणि तेच पडलं. ढकल्या दांडगा. तळहाताने ढकलायचं असा नियम, पण तळहाताने हलला नाही की तो खांदा लावायचा. खांद्याने हलला नाही की पाठ टेकवून, पाय रोवून, दात-ओठ खायचा.

एक बाई तिच्या बहिणीच्या दगडापाशी उभी होती. तिने त्याला विचारलं, ‘‘भाऊ, तुम्हाला कोणी असं ढकललं तर तुम्ही उभे राहाल का?’’

‘‘माझ्यावर नाव कोरलेलं नाही, ताई,’’ ढकल्या म्हणाला, आणि बहिणीला फीत बांधली.

माझ्यासाठी त्याला खांदा लागलाच नाही. नुसता तळहात लावला आणि मी डुलले. डुलणारच. इतकी वर्षं दर आठवड्याला एक भरभक्कम बाई सगळा भार माझ्यावर टाकत होती. माझ्या पायाखालची माती पोकळ झाली होती. मला ते माहीत होतं. तिला माहीत नव्हतं आणि मी सांगणारही नव्हते. मला फीत बांधली, मागे ढकलून आडवी केली, तोंड आकाशाकडे. दुसऱ्या दिवशी लाल यंत्र माझ्या छातीवरून गेलं, आदर्श पित्यावर ओल्या गवताचा भुसा टाकून.

पुढच्या आठवड्यात ती आली. पिशवी हातात. माझ्या जागेपाशी आली आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. हात हवेत राहिले.

मला वाटलं आरडाओरडा करेल. नाही केला. थोडी डुलली, मग वाटेवरच्या नळाच्या खांबापर्यंत गेली, तो धरला आणि तिथून आमच्याकडे बघत राहिली. नळाच्या खांबापासून नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं. आणि तिचं बोलणं ओरडायचं नव्हतं. पोटाच्या तक्रारी, सुनेचं तोंड, रात्री एकटीला झोप लागत नाही ते. हे कोण ओरडून सांगतं? शेवटी ती एवढंच म्हणाली, ‘‘येते रे.’’

त्यानंतरच्या वेळी तिने नळाचा खांब सोडला आणि जवळ यायचा प्रयत्न केला. ओलं गवत, गुडघे ते तसले. पडली. माझ्याच अंगावर पडली, हात टेकले ते माझ्या मजकुरावर. माळ्याने आणि कोणीतरी उचलली. मनगट सुजलं. संध्याकाळच्या आत तिची मुलगी तिला गाडीत बसवायला आली होती आणि गाडीपर्यंत ओरडत होती.

‘‘आई, आता बास. यायचंच नाही इथे. घरी फोटो आहे ना बाबांचा? त्याच्याशी बोल.’’

‘‘फोटोला कान कुठेत? फोटो ऐकत नाही.’’

‘‘आणि दगड ऐकतो?’’

‘‘दगडाला धरता येतं,’’ म्हातारी म्हणाली.

तर प्रश्न एवढाच होता. मी उभी राहिले तर ती येणार. मी आडवी राहिले तर ती येणार नाही. मरेपर्यंत येणार नाही, आणि मग एकदाच येईल. इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट कळायला माणसं लागतात, आणि मला मिळाले ते मुलगा, मुलगी आणि पालिकेचा साहेब.

म्हातारीने हट्ट धरला म्हणून दोन्ही मुलं मला उभी करा म्हणून पालिकेत गेली, तर साहेबांचं म्हणणं असं. एकदा आडवी केलेली शिळा पुन्हा उभी करायची तर ती ‘नवीन शिळा’ धरली जाते. नवीन शिळेचा मजकूर मुलांनी एकमताने द्यायचा. एकमत झालं नाही तर महिनाअखेरीला शिळा शेडमागच्या ढिगात. त्या ढिगात मी काही ओळखीचे चेहरे पाहिले होते. एकमेकांवर पडलेले सर्वांचे लाडके.

आता मजकूर तर माझ्या अंगावर आधीच होता. तोच ठेवायचा, संपलं. पण ‘मजकूर द्या’ म्हटल्यावर मुलगी जागी झाली.

‘‘आदर्श पिता काढ,’’ ती भावाला म्हणाली. माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, म्हणून मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला.

‘‘काढ म्हणजे? इतकी वर्षं आहे ते.’’

‘‘इतकी वर्षं मी गप्प बसले. मला न विचारता कोरलंस तू.’’

‘‘तू होतीस कुठे विचारायला?’’

‘‘दवाखान्यात, दादा. बिलाच्या खिडकीपाशी उभी. तू दगड निवडत होतास.’’

मुलीची गोष्ट अशी होती. बापाने तिला बस कंपनीत खिडकीवर नोकरी लावून दिली होती. तिने ती सोडली आणि केस कापायचं, भुवया कोरायचं दुकान काढलं. बाप तिच्याशी बोलायचा थांबला. एका घरात राहून बोलायचा थांबला. मीठ हवं असेल तर बायकोला म्हणायचा, तिला सांग मीठ दे. शेवटच्या आजारात ती त्याला चमच्याने भरवत होती, तर त्याने परिचारिकेला विचारलं, ‘‘ही बाई कोण?’’

‘‘औषधाच्या गुंगीत होते ते,’’ भाऊ म्हणाला.

‘‘बरं. गुंगीत तुला नाही विचारलं कोण म्हणून?’’

भावाने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, ‘‘लोक काय म्हणतील? होतं ते आदर्श आणि आता गेलं? म्हणजे बाबांनी मेल्यावर काय केलं असं?’’

खरं सांगू, त्या दिवशी मला दोघांचाही वैताग आला. तो लोकांसाठी भांडत होता आणि ती मेलेल्या माणसाशी भांडत होती. आई त्या वेळी घरी मनगटाला पट्टी बांधून बसली होती. ती कोणाच्याच मजकुरात नव्हती.

शेवटी साहेबांनी जागेवरच सुनावणी ठेवली. कार्यालयात पंखा बंद होता म्हणून. साहेब म्हणजे इस्त्रीची पँट, बोलताना ‘त्या अनुषंगाने’. सोबत ढकल्या, टेप घेऊन. मुलगा, मुलगी, आणि मुलीच्या दुकानातल्या घडीच्या खुर्चीवर आई. तिला आणायचं नव्हतं, पण ती आधीच गाडीत जाऊन बसली होती.

आणि मग माझ्या मजकुराचा भाव सुरू झाला. मंडईत कांद्याचा होतो तसा.

‘‘नुसतं ‘पिता’ ठेवा,’’ मुलगी म्हणाली.

‘‘नुसतं पिता? तहसीलचा दाखला आहे का?’’ मुलगा.

‘‘मग ‘कर्तव्यदक्ष’ लिही.’’

‘‘ते कामावर होते. घरी काय कर्तव्यदक्ष?’’

‘‘बघ! तूच बोललास!’’

‘‘त्या अनुषंगाने,’’ साहेब म्हणाले, ‘‘माझ्या अनुभवात ‘सर्वांना प्रिय’ यावर सहसा वाद होत नाही.’’

‘‘ते आहेच खाली, ‘सर्वांचे लाडके’,’’ मुलगी म्हणाली. ‘‘माझ्या मामाला विचारा, किती लाडके ते. त्याला भर बसमध्ये उतरवलं होतं.’’

‘‘मामाने तिकीट काढलं नव्हतं!’’

‘‘मावशीच्या लग्नाला निघाला होता तो!’’

ढकल्या टेप उघडत-मिटत होता. साहेब घड्याळ बघत होते. ‘‘एकमत होत नसेल तर मला शिळा हलवावी लागेल. उद्याच गाडी येतेय.’’

‘‘न्या!’’ मुलगी म्हणाली. ‘‘खोटं वाचण्यापेक्षा ढिगात बरा.’’

‘‘हात लावून तर बघा!’’ मुलगा म्हणाला.

‘‘गप्प बसा दोघं.’’

म्हातारीचा आवाज चढलाही नव्हता. पण धुलाईघरात मशीनच्या वर आवाज पोचवायची सवय असलेली बाई, तिला चढवावा लागत नाही.

‘‘गुंगीत नव्हता तो,’’ ती मुलाला म्हणाली. ‘‘मी होते तिथे. चांगला ओळखत होता हिला. मुद्दाम विचारलं. तेवढा तो दुष्ट होता.’’ मुलगी मान खाली घालून उभी. ‘‘आणि तू. नंतर तू बाहेर गेलीस, तर चमचा माझ्या हातून घेईना. तोंड मिटून पडून राहिला, तू परत येईपर्यंत. हेही सांगते. तेव्हा नाही सांगितलं, कारण तू विचारलं नाहीस आणि मला त्याचा राग आला होता.’’

साहेबसुद्धा अनुषंग विसरले.

‘‘त्याचं काय लिहायचं ते मला नकोय. चाळीस… जाऊ दे, जन्मभर मी त्याच्यासोबत राहिले, मला वाचून समजायचा आहे का तो? मी इथे वाचायला येत नाही. माझे गुडघे गेलेत. मला धरायला काहीतरी उभं पाहिजे. तुमच्या बापावरून भांडायचं तर घरी जाऊन भांडा, चहा करते. पण मला हा दगड उभा करून द्या.’’

‘‘आजी, मजकुराशिवाय कसं होणार?’’ साहेब म्हणाले. ‘‘मजकूर तर आहे त्यावर. आणि त्यावरच तर वाद आहे.’’

‘‘मग उलटा पुरा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘डोकं खाली, पाय वर. लिहिलेलं सगळं जाईल मातीत. त्याच्याबद्दल आहे ना? त्यालाच वाचू दे. आदर्श होता की नव्हता, त्याचं त्याला कळेल.’’

मी दगड नसते तर मी त्या क्षणी उडी मारली असती. डोकं खाली! माझं सगळं घासूनपुसून चकचकीत केलेलं अंग, कोरीव अक्षरं, सगळं मातीत, आणि वर काय, तर माझा ओबडधोबड पाय, ज्याच्यावर पाथरवटाने कधी हातसुद्धा फिरवला नव्हता. बाई म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं तो मजकूर अंगावर घेऊन उभी होते, तेव्हा वाटलं, सुटले.

साहेबांनी नियमावली काढली. पानं उलटली. पुढून, मागून. उंची किती असावी, ते होतं. हलू नये, ते होतं. दृश्य मजकुरावर एकमत हवं, ते होतं. पण वरची बाजू कोणती, हे कुठेच दिलेलं नव्हतं. नियम करणाऱ्यांना वाटलं असणार, इतकं तर कळत असेल लोकांना. साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावला. मला फक्त अलीकडची बाजू ऐकू आली.

‘‘नाही सर, हलणार नाही… अर्धी आत जाईल… दृश्य मजकूर? दृश्य मजकूर नाहीच, सर… हो, मग एकमताचा प्रश्नच… बरोबर… नाही सर, ओळखायला आपली नंबरची पत्रा-पाटी आहे… हो, यंत्राला वळसा घ्यावा लागेल, सर.’’ बराच वेळ ऐकून घेऊन, ‘‘यंत्राचं नंतर बघू म्हणता? बरं.’’

मुलाने सही केली. त्याला वाटलं, आदर्श पिता राहिला, कोणी पुसला तर नाही. मुलीने सही केली. तिला वाटलं, आदर्श पिता गाडला. दोघंही जिंकल्यासारखे उभे होते. असल्या माणसांना जिंकायला किती कमी लागतं.

खड्डा खणला. मला उचललं, फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच आकाश पायाशी आणि माती डोळ्यांशी. साहेब ढकल्याला म्हणाले, ‘‘टेप लाव. नियमाप्रमाणे उंची घे.’’

‘‘टेप ठेव खिशात,’’ म्हातारी म्हणाली. खुर्चीवरून मुलीचा हात धरून उठली, माझ्याजवळ आली आणि दोन्ही हात पुढे केले, जिथे हात सहज टेकतात तिथे. ‘‘इथवर ठेव. वर नको, खाली नको.’’

मला थोडी वर केली, थोडी खाली केली. माती भरली, दाबली, पुन्हा भरली. मग ढकल्याची परीक्षा. तळहात. काही नाही. खांदा. काही नाही. पाठ टेकवून, पाय रोवून, दात-ओठ खाऊन. त्याचा बूट घसरला.

‘‘ढकल की,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘जेवला नाहीस का?’’

तेव्हापासून मी अशी आहे. डोकं खाली, पाय वर. येणारे-जाणारे बघतात आणि पुढे जातात, त्यांना वाटतं, काहीतरी अर्धवट राहिलेलं काम असेल. मुलाने एकदा फोटो काढला, बघितला आणि फोनमध्येच पुसून टाकला, कारण त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मुलगी आईला घेऊन येते. आधी गाडीत बसून राहायची, आता वाटेवर येऊन उभी राहते. मागच्या वेळी तिने पर्स माझ्यावर ठेवली आणि न्यायला विसरली, तेव्हा परत आली आणि क्षणभर थांबली. त्यावरून मी काही गोष्ट रचणार नाही. पर्सच होती ती.

लाल यंत्र मला वळसा घालून जातं आणि चालक दर वेळी शिवी देतो. ती शिवी मी आवडीने ऐकते. संगमरवराची सून आणि आत्याची सून अजून उन्हावरून भांडतात. खाली काय दिसतं, असं मला विचारू नका. माझा मजकूर त्याच्या अगदी समोर आहे आणि त्याने अजून काहीही म्हटलेलं नाही. जन्मभर गप्प बसलेला माणूस, त्याच्याकडून मी तरी का अपेक्षा करावी?

एक मागते. तुमच्यावर कधी कोणासाठी दगड घ्यायची वेळ आली तर नमुन्यांचा तक्ता बघायची घाई करू नका. गेलेला माणूस कसा होता हे पाथरवटाला सांगता येत नाही आणि तुम्हाला तर त्याहून नाही. आधी बघा, इथे येणार कोण आहे. ती किती उंच आहे, तिचे गुडघे कसे आहेत, हात टेकला तर कुठे टेकतो. तेवढी उंची सांगा, पुरे. बाकीचं तुम्ही लिहिलंत काय आणि नाही लिहिलंत काय.

आता जा तुम्ही. फाटकाशी तिची पिशवी दिसतेय. तिला नवऱ्याशी बोलताना तिसरं माणूस चालत नाही. मी माणूस नाही, म्हणून मी चालते.